अर्लची दारू

मी या देशात अभियांत्रिकी शिकायला आलो, आणि ग्रीन कार्ड हाती पडल्यावर वर्षाच्या आत सैन्यात गेलो. स्वखुशीने नव्हे, ड्राफ्टची, म्हणजे सक्तीच्या भरतीची नोटीस आली म्हणून. जोगळेकर काका नागरिकत्वासाठी व्हिएतनामला गेले, असे आमच्या मराठी मंडळात काही जण सांगतात. त्यांतल्या एकानेही मला कधी विचारलेले नाही. ओक्लाहोमातील प्रशिक्षणानंतर माझी नेमणूक १०५ मिलिमीटर हॉवित्झर तोफांच्या बॅटरीत, म्हणजे तुकडीत, तिसऱ्या तोफेच्या सेक्शनमध्ये झाली. सेक्शन चीफ होता सार्जंट अर्ल, नॉर्थ कॅरोलिनातल्या तंबाखू पिकवणाऱ्या घरातला. जोगळेकर हे नाव त्याच्या तोंडात बसेना. त्याने माझे नाव 'जॉगल' करून टाकले आणि मरेपर्यंत तेच चालवले.

अर्ल गेल्या हिवाळ्यात गेला. तेव्हापासून इथल्या कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांतल्या मराठी घराघरांतून एक हकिगत फिरते आहे: अर्ल पुन्हा दारू पिऊ लागला होता, मी त्याची दारू ओतून टाकली, आमचे कडाक्याचे भांडण झाले आणि तो खचून गेला. ही हकिगत खोटी आहे. तोंडी दुरुस्ती करून मी थकलो. आता एकदाच लिहितो.

आमचे रोजचे काम साधे होते. प्रत्येक गोळ्यामागे पितळी केस, केसमध्ये दोरीने ओवलेल्या दारूच्या सात पिशव्या. चार्ज फाइव्ह अशी ऑर्डर आली की वरच्या दोन पिशव्या काढायच्या, हात उंच करून दाखवायच्या, चीफने त्या डोळ्यांनी पाहायच्या, मगच केस तोफेत. अर्लचा आणखी एक नियम होता. कारखान्यातून दारू लॉटने येते आणि दोन लॉट सारख्या जोराने जळत नाहीत. म्हणून तोफेजवळ एका वेळी एकच लॉट.

एके दुपारी तो नियम मोडला. पाऊस होता, हेलिकॉप्टरने नव्या पेट्या उतरवल्या होत्या आणि फायर मिशन थांबत नव्हते. हाताला येईल ती पेटी आम्ही उघडत गेलो. नेमाचे गणित मात्र जुन्या लॉटचे होते.

"शॉट, ओव्हर," गोळा सुटल्याचा निरोप आमच्याकडून गेला.

पुढे, गोळे कुठे पडतात ते पाहून कळवणाऱ्या ऑब्झर्व्हरबरोबर, डॅनी नावाचा रेडिओ ऑपरेटर होता. त्याचा आवाज आला. "चेक फायर! चेक फायर! आमच्यावर पडतंय!"

चेक फायर ही एकच आज्ञा अशी आहे, की ती कोणीही देऊ शकतो. सर्वांत कनिष्ठ शिपाई ओरडला तरी जनरलची तोफ थांबते. आम्ही जागच्या जागी थांबलो. परंतु आमचा पुढचा गोळा तेव्हा हवेत होता, आणि हवेतल्या गोळ्याला चेक फायर ऐकू येत नाही. त्यानंतर रेडिओवर जो आवाज आला तो डॅनीचा नव्हता.

चौकशीचा निष्कर्ष असा, की ऑब्झर्व्हरने स्वतःचे ठिकाण चुकीचे कळवले. बॅटरीच्या मेळाव्यांत आजही म्हातारे तेच घोकतात. मी तेथे होतो. मला तो निष्कर्ष मान्य नाही. अर्ललाही नव्हता. तो चौकशीपुढे ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "माझा सेक्शन, माझी दारू. लॉट मिसळले होते." ते कोणी ग्राह्य धरले नाही. घरी परतल्यावर तो अनेक वर्षे प्यायला. एका सकाळी त्याची लहानगी मुलगी लिंडा शाळेला निघाली, तेव्हा तो ड्राइव्हवेमध्ये पडलेला तिला सापडला. त्या दिवसानंतर त्याने थेंब घेतला नाही. माझ्या मुलीच्या लग्नात शॅम्पेन फिरत असताना तो ताकाचा ग्लास धरून उभा होता. फोटो माझ्याकडे आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी यावे.

आता गॅरेज. नोकरीमुळे मी कॅरीत आलो, अर्लचे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्याच्याकडे .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर होते आणि त्याची काडतुसे तो घरी भरत असे. कोणती दारू भरावी, यावर आम्ही दर शनिवारी वाद घालत असू. मॅग्नमला सावकाश जळणारी दारू लागते. ती गोळीला नळीभर ढकलत नेते. झटकन जळणारी दारू हलक्या काडतुसांची. ती थोडीच लागते, आणि खरा धोका तोच: मॅग्नमच्या केसमध्ये ती चुकून दुप्पट पडली तरी वरून दिसत नाही, आणि चाप ओढल्यावर सिलिंडर हातात फुटतो. मी म्हणे, झटकन जळणारी स्वस्त पडते, काळजीपूर्वक भर. अर्ल म्हणे, "जॉगल, केस जवळजवळ भरेल अशीच दारू निवडायची. म्हणजे दुप्पट टाकली तर ती बाहेर सांडते. आपली चूक आपल्याला दिसली पाहिजे." तो बरोबर होता. तो हयात असताना मी हे कधी कबूल केले नाही.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी मी गेलो तेव्हा बेंचवर पन्नासेक काडतुसे भरून उभी होती. दुसऱ्या दिवशी लिंडा रेंजवर येणार होती आणि बापाच्या रिव्हॉल्व्हरने नेम धरणार होती. बेंचवर दारूचे दोन डबे उघडे होते, एक सावकाश जळणारीचा, एक झटकन जळणारीचा. दोन. मी काडतुसे भरायच्या प्रेसच्या हॉपरमध्ये, वरच्या दारूच्या नरसाळ्यात, पाहिले. एका दारूच्या बारीक गोल दाण्यांत दुसरीच्या चपट्या करड्या चकत्या दिसत होत्या. अर्लने हँडलवर हात ठेवला होता.

"चेक फायर!" मी ओरडलो.

त्याचा हात जळल्यासारखा वर आला.

"काय झालं?"

"हॉपर बघ."

त्याने चष्मा लावला आणि हॉपरवर वाकून पाहिले. मग सावकाश म्हणाला, "दुसरा डबा मी कधी काढला?"

"तूच सांग."

"आठवत नाही, जॉगल." मग म्हणाला, "सकाळचंच आठवत नाही."

भांडण म्हणतात ते एवढे झाले. त्याने खुर्ची ओढली आणि सार्जंटच्या आवाजात आज्ञा दिली. "सगळी काडतुसं खोल. सगळी दारू बाहेर. दोन्ही डबे. या घरात पुन्हा आणायची नाही." पन्नासही काडतुसे आम्ही हातोडीसारख्या पुलरने ठोकून खोलली. त्याने धरायची, मी ठोकायची. मग मागच्या अंगणात गेलो. ही दारू गवतावर विरळ पसरली की तिचे खत होते. मी ओतत चाललो, तो दाताळ्याने पसरत आला. शेवटी म्हणाला, "लिंडाला नको सांगू."

"येस, सार्जंट."

निखिल हा अर्लचा शेजारी, मूळचा पुण्याचा. पुढच्या शनिवारी मंडळाच्या पॉटलकमध्ये, हातात फराळाची प्लेट घेऊन, त्याने मला विचारले, "काका, अर्ल अंकल ओके आहेत ना? तुम्ही बॅकयार्डमध्ये काहीतरी ओतत होता."

"त्याची सगळी दारू ओतली. आता घरात थेंबभर नाही."

"ओह. सॉरी काका, मला आयडिया नव्हती."

"सॉरी कशाला? वेळेवर लक्षात आलं."

या चार वाक्यांतून ती हकिगत जन्मली. पुढे अर्ल हृदयविकाराने गेला, आणि अंत्यविधीच्या वेळी निखिलने अतिशय चांगल्या हेतूने लिंडाला सांगितले, की काकांनी त्यांना अल्कोहोल सोडायला खूप मदत केली.

मी त्याला नंतर गाठले. तो म्हणाला, "पण काका, दारू म्हणजे अल्कोहोलच ना यार... सॉरी, यार नाही."

"दारूगोळा म्हणजे काय मग? व्हिस्की आणि बुंदीचे लाडू?"

"आम्ही अॅम्युनिशन म्हणतो, काका."

"किल्ल्यांवर दारूकोठार असे. तिथे काय बार होता?"

माझी मराठी चुकली, असे मंडळातले दोघे-तिघे आता म्हणतात. माझी मराठी चुकलेली नाही. तुमची आटली आहे.

लिंडा गॅरेज आवरायला आली तेव्हा तिने मला फोन करून बोलावले. "अंकल जॉगल, खरं सांगा. डॅड परत प्यायला लागले होते? इतकी वर्षं तेही खोटंच होतं का?"

मी गप्प राहिलो असतो तर तिच्या बापाची कमावलेली सारी वर्षे गेली असती. बोललो असतो तर मी दिलेला शब्द आणि त्याची झाकलेली गोष्ट गेली असती. मग मला तो चौकशीपुढे उभा असलेला आठवला. ज्याने कोणी विचारले नसताना स्वतःची चूक सांगितली, त्याच्या नावावर दुसरी, खोटी चूक राहू द्यायची, हे मला पटेना. मी तिला अंगणात नेले. साऱ्या लॉनमध्ये दाताळ्याच्या रुंदीचा एक वाकडा पट्टा गर्द हिरवा होता.

"ही त्याची दारू. बंदुकीची." मग दोन डबे, हॉपर, विसरलेली सकाळ, सगळे सांगितले.

तिने वाकून त्या गवतावरून हात फिरवला. "रविवारी ते रिव्हॉल्व्हर माझ्या हातात असतं."

"हो."

"तुम्ही ओतलीत?"

"मी फक्त डबा धरला. ऑर्डर त्याची होती."

ती रडत हसली. "म्हणजे फक्त गनपावडर," असे दोनदा म्हणाली.

माझे म्हणणे संपले. आमच्या दारूने मेलेला माणूस एक: डॅनी, रेडिओ ऑपरेटर, ज्याने थांबायची आज्ञा दिली आणि जो थांबेपर्यंत राहिला नाही. लोक दुसरा म्हणतात तो अर्ल, सेक्शन चीफ. तो दारूने मेला नाही, कोणत्याही अर्थाने. त्या शनिवारी चेक फायर वेळेवर मिळाले, आणि आमच्या सेक्शनमध्ये कोणी दगावले नाही.