वॉरंटी नाकारणाऱ्याला दिलेला नकार

मंडळी, आज मी सूड उगवला.

मागच्या मे महिन्यात माझ्या ग्राफिक्स कार्डाचा पंखा अडकला आणि चेन्नईच्या उकाड्यात कार्ड जळालं. तीन वर्षांची वॉरंटी होती, म्हणून गिंडी भागातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला खेपा घातल्या. तिथल्या मॅनेजरने कार्ड नीट बघितलंही नाही. "सार, धूळ काढायला तुम्ही स्क्रू उघडलात. स्क्रूवरचा वॉरंटीचा स्टिकर फाटलाय. वॉरंटी गेली," असं सगळ्यांदेखत म्हणाला आणि वर हसला.

आज आमच्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसात ॲनिमेशन विभागासाठी चाळीस कार्डं ठरवायची होती. कंपनी निवडायचं काम माझ्याकडे. आणि विकायला आला कोण? तोच मॅनेजर, आता त्याच कंपनीच्या सेल्समध्ये! त्याने मला ओळखलं नाही.

मी गोड आवाजात विचारलं, "पंख्यातली धूळ आम्ही काढली तर वॉरंटी राहील ना? तेवढं लिहून द्या."

तो घुटमळला. "सार, तसं लिहून देता येत नाही."

"मग आम्हालाही घेता येत नाही," असं म्हणून मी तेव्हापासून ड्रॉवरमध्ये ठेवलेलं माझं जळालेलं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली. त्यांची वॉरंटी चोख आहे, पण खरेदीआधी आम्ही घेतलेल्या चाचणीत त्यांचं कार्ड याच्या कार्डापेक्षा जास्त तापलं होतं. हे मी साहेबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?