कपाटातली ओरिजिनल

आमच्या हॉस्पिटलच्या एचआर मॅडमच्या केबिनमध्ये एक करडं लोखंडी कपाट आहे. त्यात नर्सेसची ओरिजिनल सर्टिफिकेटं असतात. नोकरीला लागताना 'व्हेरिफिकेशनला लागतात' म्हणून मागून घेतात आणि मग कुलूप लावून तिथेच ठेवतात. नर्स मध्येच सोडून जाऊ नये म्हणून. डॉक्टरांची सर्टिफिकेटं त्या कपाटात नाहीत. डॉक्टर बहुतेक सोडून जात नसावेत.

नऊ वर्षं मी त्या केबिनसमोरून ऑपरेशन थिएटरला गेले आणि नऊ वर्षांत मला त्या कपाटाचा एकदाही राग आला नाही. सगळीकडे असंच असतं, असं सगळ्या म्हणायच्या. मीही म्हणायचे. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

राग आला तो शिबिराच्या वेळी. आमचे प्लास्टिक सर्जन आफ्रिकेतल्या एका देशात फाटलेल्या ओठांच्या मुलांची ऑपरेशनं करायला जाणार होते. तीन आठवडे, पगार नाही, तिकीट आणि राहणं आयोजकांचं. एका केसनंतर हात धुता धुता ते म्हणाले, "थिएटरची अनुभवी नर्स हवी आहे." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, "सर, मी येते."

याला कारण होतं. माझं माहेर उरणजवळच्या मोऱ्याचं, कोळीवाड्यातलं. माझा धाकटा भाऊ फाटका ओठ घेऊन जन्माला आला. आई त्याला घेऊन जेट्टीवर जायची तेव्हा त्याच्या तोंडावर पदर ओढून घ्यायची. मासळी घ्यायला आलेल्या बायका तो पदर मुद्दाम बाजूला करून बघायच्या. तो दीड वर्षाचा असताना बाहेरदेशातल्या डॉक्टरांचं शिबिर लागलं. एक उंच गोरी नर्स आली, तिने पदर बाजूला केला, त्याच्या त्याच तोंडाचा मुका घेतला आणि त्याला कडेवर घेऊन आत गेली. मी सात वर्षांची होते. मी नर्स झाले ती त्या बाईमुळे.

कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत बातमी पसरली आणि लिफ्टमध्ये माझी उलटतपासणी सुरू झाली. दुबईला का नाही? लंडनला का नाही? फुकट? परदेशात जाऊन फुकट? "इथे काय पेशंट कमी आहेत?" असं मला विचारणाऱ्या काकांनी आपल्या मजल्यावरच्या आजारी शेजाऱ्याकडे कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं. आईला मात्र एका वाक्यात कळलं. फोनवर म्हणाली, "जा गो. आपल्या पोराला घेतला तवा त्या बाईला कोनी इचारला नाय, फुकट कशाला आलीस."

तिथल्या सरकारची परवानगी मिळायला ओरिजिनल रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दाखवणं भाग होतं. मी मॅडमकडे गेले.

"सिस्टर, पॉलिसी आहे. ओरिजिनल बाहेर जात नाही. झेरॉक्स देते."

"झेरॉक्स चालत नाही, मॅडम. तीन आठवड्यांत परत आणून देते."

"सगळ्या असंच बोलतात. मग तिकडेच कुठेतरी चिकटतात."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी बोलतो." तीनदा म्हणाले. बोलले एकदाही नाहीत. त्यांचे स्वतःचे कागद त्यांच्या घरी, त्यांच्या ड्रॉवरमध्ये होते. त्यांना कशाला घाई असणार?

निघायला बारा दिवस उरले होते तेव्हा हॉस्पिटलने त्यांचा सत्कार ठरवला. गेटवर भलामोठा फ्लेक्स, लॉबीत खुर्च्या. थिएटरला फोन आला: ताट धरायला दोन सिस्टर पाठवा, युनिफॉर्ममध्येच, फोटोत छान दिसतं. मी गेले आणि माझी जोडीदारीण गेली. ती लातूरकडची. नऊ वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलोय. तिच्या जिल्ह्यात सरकारी नर्सची भरती निघाली होती आणि तिचं नाव यादीत लागलं होतं. महिन्याभराने कागदपत्रांची तपासणी होती. तिचंही ओरिजिनल त्याच कपाटात होतं.

तर मी ताट धरून उभी. ताटात शाल, श्रीफळ, गुच्छ. आमचे ट्रस्टी माईकवर सांगत होते, "आमचं हॉस्पिटल सेवेला कधी नाही म्हणत नाही." माझं डोकं तडकलं. मी ताट पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "मग माझं ओरिजिनल द्या, साहेब. त्याच शिबिराला मलाही जायचंय."

चार-पाच मोबाईल माझ्याकडे वळले. ट्रस्टी मोबाईलकडे बघून हसले. "अहो मॅडम, द्या की सिस्टरला! हे काय विचारायचं असतं?" टाळ्या पडल्या. त्यांच्यासाठी पडल्या.

मॅडमनी दात-ओठ खात कपाट उघडलं. माझी फाईल वरच होती. तिच्याखाली जोडीदारणीची, तिचा नऊ वर्षांपूर्वीचा फोटो चिकटवलेली. मॅडमचा फोन वाजला, त्या खिडकीकडे वळल्या. मला तेवढंच म्हणायचं होतं: हिचंही द्या. लॉबीत माणसं होती, ट्रस्टी होते, त्या घडीला कोणी नाही म्हटलं नसतं. पण मला वाटलं, आत्ता तोंड उघडलं तर माझंही परत आत जाईल. मी माझं घेतलं, सही केली आणि थँक्यू म्हणाले. माझीच वस्तू मला दिल्याबद्दल मी त्या बाईला थँक्यू म्हणाले!

तिकडे गेले. पाळी आलेलं प्रत्येक मूल मी आईच्या हातून घेतलं आणि स्वतः कडेवर घेऊन आत नेलं. ते माझं काम नव्हतं, तरीही नेलं. पहिल्या दिवशी एका आईने बाळाच्या तोंडावरचं फडकं हातात घट्ट धरून ठेवलं होतं. मी मुका घेतला तेव्हा तिने ते सोडलं. त्या तीन आठवड्यांबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही. ते चांगले गेले.

परत आले तर गेटवर माझा फ्लेक्स! 'आमच्या सिस्टर, आमचा अभिमान.' ज्यांनी कपाटाची किल्ली कमरेला लावली होती त्यांचा मी अभिमान झाले. पुन्हा लॉबी, पुन्हा खुर्च्या. आणि ताट धरून कोण उभं? माझी जोडीदारीण. ट्रस्टींनी शाल उघडली आणि मी मान खाली घातली. हो, घातली. मला बरंही वाटलं. शाल खांद्यावरून घसरत होती, एका हाताने सारखी करायला जोडीदारीण जवळ आली तेव्हा मी हळूच विचारलं, "तपासणीचं काय झालं गं?"

"काल होती की," ती म्हणाली. "गेले होते. मॅडमनी झेरॉक्स दिलती. चालत नाही म्हनले. राहू दे आता, नीट उभी राहा, फोटो काढायलेत."

फोटो काढला. मग ट्रस्टींनी माईक माझ्या हातात दिला. "सिस्टर, दोन शब्द बोला."

मी म्हणाले, "मॅडम, कपाट उघडा. सगळ्यांची ओरिजिनल बाहेर काढा. आत्ता."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मोबाईल एकेक करून खाली गेले. मॅडम ट्रस्टींकडे बघत होत्या, ट्रस्टी नारळाकडे. मी शाल काढून ताटात ठेवली आणि जोडीदारणीच्या हातातलं ताट घेऊन मीच धरून उभी राहिले. अर्ध्या तासाने किल्ली आली. सतरा जणींची सर्टिफिकेटं निघाली.

जोडीदारणीने आपलं उघडून पाहिलं, रुमालाने पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं. तपासणी कालच होऊन गेली होती.