कालिंदी ओक म्हणजे कोण

झांबियातल्या शाळेत गणित शिकवण्याचं नेमणूकपत्र सुचित्रा लेलेच्या हातात होतं, पासपोर्ट होता, देवीची लस टोचल्याचा दाखलाही होता. अडलं ते नावावर. पासपोर्टावर सुचित्रा श्यामकांत लेले, बी.एस्सी.च्या पदवीवर कालिंदी दिगंबर ओक. जानेवारीत शाळा उघडण्याआधी प्रवेशाचा परवाना आला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"आडनाव बदललं, समजलं," परवान्याच्या कचेरीत कागद तपासणारे बंगाली घोषबाबू म्हणाले. "पण कालिंदी? हे डाकनाम ना? घरी हाक मारायचं नाव पदवीवर कोण लिहितं, दिदीमणी?"

"ते माझं खरं नाव. लग्नात बदललं."

"का?"

लग्नात श्यामकांतने ताटातल्या तांदळांत अंगठीने 'सुचित्रा' लिहिलं होतं, पेढे वाटले होते, फोटो काढले होते. का, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही. याचाच तिला आता सर्वांत जास्त संताप येत होता.

श्यामकांतने कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. घोषबाबूंनी ते परत केलं. त्यांचं म्हणणं, लग्नाआधी यांनी बायकोला एकदाच पाहिलेलं. पदवी घेणारी मुलगी हीच, हे यांना काय ठाऊक? जन्मापासून ओळखणारा माणूस हवा.

"बरोबर आहे गं त्यांचं," श्यामकांत हसत म्हणाला. "मी फक्त कांदेपोहे ओळखतो."

ती हसली नाही. तडक हावड्याला वडिलांकडे गेली. दिगंबरराव रेल्वेतून निवृत्त झालेले, खुर्चीत पेपर वाचत होते. प्रतिज्ञापत्राचं ऐकून त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"कन्यादान केलं, पोरी. आता त्या नावावर माझा काय हक्क? कोर्टात जाऊन शपथेवर जुनं नाव उकरायचं, बरं दिसत नाही."

"मुलगी दिलीत, नावही दिलंत. मग पदवी कशाला ठेवलीत माझ्याजवळ? तीही ताटात घालायची होती!"

"आवाज खाली."

"नाही करणार. रात्रभर जागून अभ्यास मी केला, बाबा. ती मुलगी मेली असं लिहून द्या नाहीतर ती मी आहे असं लिहून द्या. दोन्हीपैकी एक."

दिगंबररावांनी पेपराची घडी घातली. दुसऱ्या दिवशी ते काळा कोट चढवून कोर्टात आले, शपथ घेतली, सही केली. बाहेर पडताना म्हणाले, "झालं ना मनासारखं, सुचित्रा?"

"निदान आज तरी कालिंदी म्हणा."

ते ओशाळले. "सवय गेली गं."

तिने त्यांना हावड्याच्या बसमध्ये बसवून दिलं आणि एकटीच कचेरीत गेली. घोषबाबूंनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं, फाइलला लावलं. "म्हणजे दोघी तुम्हीच?" ते हसले. "परवाना येईल आता."

"पोच द्या," ती म्हणाली.

"पोच आम्ही देत नाही."

"आज द्याल. दोन्ही नावांनी."

आणि ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.