आबाचा न जमलेला खून

खुनांचा इतका मन लावून अभ्यास केलेला, आणि तरी घरात बांगडे चिरायला घेतले की मागीलदारी निघून जाणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात एकच. तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ते आचऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. ऐंशीनंतरच्या वर्षांत, वयाच्या पंचेचाळिशीत, त्यांनी बाहेरून एम.ए.ला नाव घातलं. एका पेपराऐवजी स्वतःची कथा लिहून तिला प्रबंधिका जोडायची सोय होती. बाकीच्यांनी शोभतील असे विषय घेतले, काकांनी रहस्यकथा घेतली. "जी पुस्तकं लोक पाठ्यपुस्तकात लपवून वाचतात, त्यांचा उघड्यावर कुणी अभ्यास करायचा की नाही?" असं ते हेडमास्तरांनाही ऐकवत. मी त्यांच्याकडे राहून मालवणच्या कॉलेजात जात होते, त्यामुळे वाचनालयातून रहस्यकथा आणायचं काम माझ्याकडे आलं.

पुस्तक हाती पडलं की काका आधी मावशीकडे सुईदोरा मागत आणि शेवटचं प्रकरण शिवून टाकत. उरलेलं वाचून खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं, मगच टाके उसवायचे. बहुतेक वेळा चुकत, आणि चुकले की लेखकावर भलतेच खूश होत. कधी टाके उसवायचे राहून पुस्तक तसंच परत जाई, मग वाचनालयातल्या बाई मला धारेवर धरत. एस.टी.त तर शेजाऱ्याच्या चपलांचा चिखल बघून तो कुठून आला ते सांगायची त्यांना खोडच होती. एका गृहस्थांना ते म्हणाले, "तुम्ही मसुऱ्याहून निघालात, आणि बायकोशी भांडून निघालात." गृहस्थ तारकर्लीचे आणि बिनलग्नाचे निघाले.

स्वतःची कथा लिहायला बसले आणि गाडं अडलं. माडांच्या बागेचा मालक आबा, त्याला सोलकढीतून विष घालायचं असं ठरलं होतं. पण काकांनी आधी आबाला लग्नाची मुलगी दिली, मग संधिवात दिला, मग दशावतारात काम करायची हौस दिली. आबा वाटी तोंडाला लावणार तोच दर वेळी काहीतरी व्हायचं. मांजर वाटी सांडायचं, नाहीतर व्याही दारात उभे राहायचे. कथा संपली तरी आबा ठणठणीत. परीक्षकांनी ती परत पाठवली: खून घालून वर्षभरात पुन्हा सादर करा, उत्तीर्ण करू. बाकीचे सगळे पेपर सुटले होते. पदवी आता एकट्या आबावर अडली होती.

"मारून टाका एकदाचो त्येका," मावशी म्हणाली. "पदवी तरी गावतली."

काका चक्क देवळात कौल लावायला गेले. देवाला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या मास्तरांका कागदावरचो एक माणूस मारूचो आसा, तर त्येंका वाट दाखय." मागे उभ्या चौघांनी सवयीने "व्हय महाराजा" म्हटलं. उजवी पाकळी लगेच पडली. मी म्हटलं, सुटलो बाबा.

घरी येऊन काकांनी टोपी खुंटीला लावली, वही उघडली, बराच वेळ तशीच ठेवली आणि मिटली. "आबाच्या चेडवाचा लगीन वैशाखात आसा," ते म्हणाले, "ता देवाक खंय म्हायत?"

पदवी मिळाली नाही. दारावरच्या पाटीवर नावापुढे एम.ए.साठी मोकळी सोडलेली जागा तशीच राहिली, आणि तिच्याकडे बघताना त्यांचा चेहरा पडायचा ते मी पाहिलंय. मी तेव्हा त्यांच्यावर फार चिडले होते. कागदावरचा एक म्हातारा, त्याच्यापायी एवढे कष्ट पाण्यात घालवायचे म्हणजे काय!

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात मावशीकडे गेले होते, तेव्हा काकांचं कपाट आवरताना ती वही सापडली. परीक्षकांचं वर्ष उलटून गेल्यावरही काका लिहीतच राहिले होते. मुलीचं लग्न झालं होतं, आबाला नातू झाला होता, जत्रेत आबा राजाचं काम करून टाळ्या घेऊन आला होता. शेवटची पाच-सहा पानं मात्र दोऱ्याने शिवलेली होती. मी कात्री आणली. मावशीने वही माझ्या हातातून काढून घेतली आणि टाक्यांवरून बोट फिरवलं.

"ऱ्हवांदे गो," ती म्हणाली. "त्यांचा कायतरी वाचूचा उराक व्हया माका."