चौथ्या स्तरातला रिपोर्ट

आमच्या चाकणच्या कंपनीत एआय प्लॅटफॉर्म आला, तेव्हा कुणाला कोणती माहिती दिसावी हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी चार स्तर आखले. पहिल्यात बसच्या वेळा आणि कॅन्टीनचा मेन्यू, दुसऱ्यात मशीनची माहिती, तिसऱ्यात पगार. चौथ्यात कामगारांचे मेडिकल रिपोर्ट. ते फक्त कंपनीच्या डॉक्टरांना आणि एचआरला दिसणार. आधी हे कागद कामगारांच्या हातात देत आणि ते कॅन्टीनच्या टेबलांवर कुणीही वाचे. एखाद्याला दम लागतो हे सुपरवायझरला कळलं की त्याचं काय होतं, ते मी पाहिलं होतं. मीटिंगमध्ये भांडून मी कागद बंद करायला लावले आणि पुढे महिनाभर त्याच तोऱ्यात वावरले.

ग्राइंडिंगमधले एक काका माझ्याच बसला असत. मी दिघीला चढायचे आणि डब्याची पिशवी ठेवून चऱ्होलीपर्यंत त्यांची जागा धरायचे. एका सकाळी ते म्हणाले, "पोरी, तुझ्या त्या मशीनला इचारलं, माझा छातीचा फोटो कसा आलाय. म्हनतंय, तुम्हाला परवानगी न्हाई."

"काका, ते तुमच्याच भल्यासाठी आहे. एचआरला अर्ज द्या, मिळेल."

"अर्ज कशापायी? काय असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी पटवून घेतलं, कारण नियम बदलायचा म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या सह्या गोळा करणं आलं. काकांचा खोकला वाढत गेला. मी त्यांना खडीसाखर द्यायचे. मग त्यांचं येणं थांबलं आणि उन्हाळ्यात ते गेले. मी चऱ्होलीला त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "डाक्टर म्हनले, लई उशीर केला." मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी नियमात एक ओळ घातली: ज्याचा रिपोर्ट, त्याला तो दिसेल. सह्या एका दुपारात मिळाल्या. तपासून बघायला एका कामगाराचं खातं लागत होतं. काकांचं अजून बंद झालं नव्हतं. मी त्यांचाच प्रश्न टाइप केला.

लगेच उत्तर आलं. उजव्या फुप्फुसावर डाग आहे, छातीच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. रिपोर्टवरची तारीख बसमधल्या त्या सकाळच्या आधीची होती.

शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं, "टेस्ट पास झाली का?"

मी हो म्हणाले.