हात वर करून विचारायचं

आमच्या चर्चच्या क्रिकेट क्लबात अपील करताना कोणी ओरडत नाही. फलंदाज बाद आहे असं वाटलं तर हात वर करायचा आणि पंचाकडे बघायचं. बस्स. बाहेरगावचे संघ पहिल्यांदा आले की हसतात. पाटोद्याच्या पोरांनी तर आमचं नाव ‘मुक्यांचा क्लब’ ठेवलं होतं.

हा नियम काकांचा. क्लब तेच चालवतात, आणि लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणतात. मैदानाला लागूनच पाळकसाहेबांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं घर आहे. माझ्या जन्माच्याही आधी त्या घरात तेव्हाच्या पाळकांच्या पत्नी, पाळकबाई, आजारानं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचा जरा डोळा लागला की इकडे गलका व्हायचा. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी खेळच बंद करायचं ठरवलं. काका तेव्हा यष्टिरक्षक होते. त्यांनी सांगितलं, खेळ कशाला, ओरडणं बंद करू. पाळकबाई बऱ्या झाल्या, पुढे कितीतरी पाळक आले नि बदलून गेले. हात वर करणं तेवढं राहिलं.

आमचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत. आम्ही बौद्ध. घरात पुस्तकं थोडी, पत्रकं फार; मी अक्षरं गिरवली तीही मोर्च्यातून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. चर्चशी आमचा संबंध भिंतीपुरता होता. ती भिंत ओलांडून खेळायला ये, असं काकांनीच सांगितलं. क्लबात कोण कुठल्या घरचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की रविवारची उपासना सुटून शेवटची म्हातारी फाटकाबाहेर पडेपर्यंत बॅटला हात लावायचा नाही. मला ते ‘क्रांतिकारक’ म्हणायचे आणि शेवटच्या नंबरवर खेळायला पाठवायचे.

गेल्या वर्षी चर्चच्या कापणीच्या सणाला काकांचा सत्कार करायचं ठरलं. क्लबाच्या सेक्रेटरींना त्यासाठी एक पुढारी आणायचा होता, अंबाजोगाईच्या चौकात बॅनर लावायचं होतं. मी बैठकीत भांडलो. सत्कार म्हणजे माणसाला जिवंतपणी भिंतीवर टांगणं, असं माझं मत आहे. आणि त्या बॅनरवर पुढाऱ्याच्या हनुवटीखाली काकांचा फोटो सुपारीएवढा आला असता. पुढारी रद्द झाला, शाल राहिली. काकांनी अट घातली.

“शाल घालायची तर घाला. पण त्या दिवशी मी खेळणार, अन् सामना खराखुरा व्हायला पायजे. म्हातारा म्हणून सोडायचं न्हाई.”

सेक्रेटरींनी मान डोलावली. पंच म्हणून काकांनी माझं नाव सांगितलं. ह्याला कोणाची दया येत नाही, म्हणाले.

सामना पाटोद्याशी होता; आमच्या मैदानावर तेही हात वर करूनच विचारतात. उपासना झाली, अर्पणात आलेल्या भोपळ्यांचा, ज्वारीच्या कणसांचा आणि कोंबड्यांचा लिलाव झाला, बायका मांडवात बसल्या. काका पॅड बांधत होते तेव्हा सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. काकांच्या दहा धावा होईपर्यंत कोणीही हात वर करणार नाही, असं पाटोद्याच्या कॅप्टनशी बोलणं झालं होतं. मी म्हणालो, ही फसवणूक आहे, काकांना शब्द दिलाय आपण.

“आज एक दिवस तुझी तत्त्वं घरी ठेव,” सेक्रेटरी म्हणाले. “त्यांना कुठं कळतंय.”

मी काकांना सांगायला वळलो. पण ते सलामीला निघाले होते, आणि इतके खुशीत होते की मी तसाच यष्ट्यांकडे चालू लागलो.

पहिला चेंडू बाळाला टाकावा तसा आला. काकांनी तो अडवलासुद्धा नाही, जाऊ दिला.

“जोरात टाक की बे,” ते म्हणाले. “जेवला न्हाईस का?”

पोरगा चिडला. पुढचा चेंडू खराखुरा आला आणि काकांनी तो मांडवाकडे मारला, चौकार. बायका उठून टाळ्या वाजवायला लागल्या. त्याच्या पुढच्या चेंडूला बॅटची कड लागली. आवाज मला स्पष्ट ऐकू आला. यष्टिरक्षकानं झेल घेतला.

हात कोणाचाच वर गेला नाही. यष्टिरक्षक चेंडू पुसत बसला, गोलंदाज वाकून बुटाची नाडी बांधू लागला. विचारल्याशिवाय पंच बाद देऊ शकत नाही, हा कायदा सगळीकडचा आहे. काकांनी यष्टिरक्षकाकडे पाहिलं, मग सेक्रेटरींकडे, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं, हे मला तिथूनच दिसलं.

त्यांनी बॅट काखेत धरली, सरळ उभे राहिले आणि ग्लोव्हसकट उजवा हात वर केला. आमच्या क्लबात विचारतात, अगदी तसा. माझ्याकडे बघत.

फलंदाजानं स्वतःविरुद्ध अपील करावं, असं कोणत्याही पुस्तकात नाही. मी बोट वर केलं.

मांडवातून एक बाई माझ्यावर खेकसली, सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. माझ्याजवळून जाताना काका थांबले.

“कावून इतका उशीर केलास, क्रांतिकारका?”

जेवणाच्या सुट्टीत शाल घातली गेली. पाटोद्याचा यष्टिरक्षक मान खाली घालून पुढे आला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढल्या वर्षी नीट विचार म्हणून सांगितलं. सगळे त्यांच्या भाषणाची वाट बघत होते. सेक्रेटरींनी माइक पुढे केला.

“सामना चालू हाय अजून,” काका म्हणाले, आणि शाल खुर्चीवर टाकून यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज शोधायला गेले.