चिप्सच्या पाण्यातली तुरटी

उकळत्या पाण्यातून काढलेल्या आलूच्या चकत्यांना एक ओला, मातकट, किंचित गोडूस वास असतो. वैशाखातल्या त्या सकाळी, आर्णीतल्या आमच्या गच्चीवर ऊन अजून कोवळं असताना, जुन्या सुती लुगड्यावर पसरलेल्या चकत्या कशा मोगऱ्याच्या पाकळ्या वाटत होत्या. आमच्या सुनेचं, पल्लवीचं, या घरातलं हे पहिलंच वाळवण. मी उठायच्या आत एकटीनं उरकलेलं. मला बाई भरूनच आलं.

मग मी चिप्स उकळलेल्या मोठ्या पातेल्याचा गंज घासायला घेतला, तर तळाशी तुरटीचा खडा. एका बाजूनं झिजून खोलगट झालेला, अन् त्या खळग्यात रुतलेले दोन आखूड, पांढरे केस. यांची दाढीची तुरटी! दाढी झाली की हे ती ओल्या गालांवर, हनुवटीखालच्या लोंबत्या कातडीवर सावकाश फिरवत बसतात. आताची पोरं जेल लावतात, पल्लवीला काय ठाऊक! चिप्स पांढरे व्हायला पाण्यात तुरटी फिरवायची, एवढं माहेराहून शिकून आलेली. मोरीच्या फळीवर दिसली, घेतली.

"माही तुरटी कुठी गेली वो?" हे मोरीतून ओरडले.

"विरघळली," मी म्हटलं.

सांगावं तर पोरीची मेहनत उकिरड्यावर जाणार, वर गल्लीभर तिचं हसं. मी गंज घासून पालथा घातला. दोन दिवस चिप्स उन्हात कडकडीत वाळले, अन् दोन दिवस मला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी कढई चढली. चकती तेलात फुलून वर आली की मला तिच्यावर तो ओला गाल दिसायचा.

वासावर शेजारच्या शोभाताई आल्याच. "बाप्पा! कापसावानी पांढरे! काय केलं वो पोरी?"

"तुरटी फिरवली जी काकू," पल्लवी लाजली. "आई, पह्यले तुमी घ्या ना."

घेतला. कुर्रकन वाजला, हलका, खारट, निर्दोष. पाण्याच्या घोटाबरोबर मी तो औषधासारखा उतरवला. "छान झाले," म्हटलं, अन् पोरीचा चेहरा असा उजळला, की माझीच मला लाज वाटली.

तेवढ्यात हे आले, मूठभर उचलून खाऊ लागले. ताज्या दाढीच्या गालावर मिठाचा कण चिकटला. त्याच गालाला गाल लावून मी वर्षानुवर्षं निजले, तापात तो पुसला, तेव्हा कधी शिसारी आली नव्हती. मग ही आली कुठून, केव्हा? ताट त्यांच्याकडे सरकवून मी नजर वळवली. त्यांच्यावरून वळवली की स्वतःवरून, ते मला अजून सांगता येत नाही.